लाखात दोन : दुर्मिळ क्षयांची मोजणी आणि क्वार्कांचं मिश्रण

(वांद्रे पूर्व इथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा सगळा भर विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने मोजमाप करण्यावर होता. म्हणून आज मी मोजमापाचाच विषय घेतला आहे. विषय अवघड वाटेल, पण इथे साहित्य सहवास आणि सरकारी वसाहतीच्या परिसरात राहणारा श्रोता अवघड विषयाला घाबरत नाही, हे मला ठाऊक आहे.

2023 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात कणभौतिकीची युरोपीय परिषद भरली होती. तिथे जपानमधल्या 'बेल टू' या प्रयोगाने एक आकडा जाहीर केला. विद्युतभारित बी मेसॉन या जातीचे एक लाख कण घेतले, तर त्यांतले दोनेक कण एका विशिष्ट रीतीने मोडतात. मागे एक के मेसॉन उरतो आणि दोन न्यूट्रिनो कुणाच्याही हाती न लागता निघून जातात. नेमका आकडा लाखात 2.3, अधिक-उणे 0.7. प्रस्थापित सिद्धान्ताचं भाकीत लाखात 0.56 च्या आसपास, म्हणजे मोजलेल्या आकड्याचा चौथा हिस्सा. या क्षयाचा पुरावा जगात पहिल्यांदाच हाती आला होता. ज्या यंत्राने ही नोंद केली, त्याच्या गाभ्यातला एक संपूर्ण थर आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, म्हणजे टीआयएफआरमधल्या लोकांनी जुळवलेला आहे.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. दुर्मिळ घटना मोजण्याची विद्या ही मुळात नेहमीच्या घटना ओळखण्याची विद्या आहे. ज्याला रोजचं, सामान्य, हजारदा घडणारं बारकाईने माहीत आहे, त्यालाच लाखातलं वेगळं ओळखता येतं. आणि या विद्येचा पाया म्हणजे स्वतःच्या अपेक्षेला मोजमापापासून दूर ठेवणं.

क्वार्कांचं मिश्रण म्हणजे काय

आधी क्वार्कांची ओळख करून घेऊ. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे क्वार्कांचे बनलेले असतात. क्वार्कांच्या सहा जाती आहेत: अप आणि डाऊन, चार्म आणि स्ट्रेंज, टॉप आणि बॉटम. आपलं शरीर, ही खुर्ची, बाहेरचा रस्ता, सगळं पहिल्या दोन जातींवर चालतं. उरलेल्या चार जाती जड आहेत. त्या अंतराळातून येणाऱ्या किरणांच्या माऱ्यात किंवा कणत्वरकांत निर्माण होतात आणि क्षणार्धात मोडून हलक्या जातींत बदलतात. एका जातीचं दुसऱ्या जातीत रूपांतर करण्याची मुभा निसर्गात एकाच बलाला आहे, दुर्बल बलाला. ते कोणत्या जातीतून कोणत्या जातीत किती वेळा नेतं, हाच मिश्रणाचा प्रश्न.

वांद्र्यातलंच उदाहरण घेतो. आपण पूर्व आणि पश्चिम म्हणतो ते पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून. होकायंत्र मात्र रूळ पाहत नाही. रूळ वळतात, त्यामुळे रुळांवरून ठरलेली पूर्व आणि होकायंत्राची पूर्व तंतोतंत जुळत नाहीत. रुळांच्या हिशेबाने तुम्ही सरळ पूर्वेला शंभर पावलं चाललात, तर होकायंत्राच्या हिशेबाने त्यांतली काही पावलं उत्तरेला किंवा दक्षिणेलाही पडलेली असतात. क्वार्कांच्या बाबतीत निसर्गाकडे अशाच दोन चौकटी आहेत. क्वार्कांचं वस्तुमान ज्या चौकटीत ठरतं ती एक आणि दुर्बल बल ज्या चौकटीत काम करतं ती दुसरी. या दोन चौकटी एकमेकींशी किंचित कलत्या आहेत. पहिल्या दोन जोड्यांमधला, म्हणजे पिढ्यांमधला, हा कोन सुमारे 13 अंशांचा आहे. 1963 मध्ये इटलीच्या निकोला काबिब्बो यांनी तो मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

1973 मध्ये माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा या क्योटोतल्या दोन तरुण संशोधकांनी ही कल्पना तीन पिढ्यांपर्यंत नेली. तेव्हा क्वार्कांच्या तीनच जाती माहीत होत्या आणि हे दोघे सहा जातींचा हिशेब मांडत होते. तीन ओळी आणि तीन स्तंभांची एक सारणी त्यांनी तयार केली. आज तिला तिन्ही शास्त्रज्ञांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून सीकेएम सारणी म्हणतात. तिच्यात नऊ घरं आहेत, पण स्वतंत्र संख्या चारच: तीन कोन आणि एक कला. ही कला, म्हणजे फेज, असली तरच द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यात फरक पडू शकतो. दोघांना 2008 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

सारणीतल्या संख्यांकडे एकदा नीट पाहू. डाऊनचा अप होण्याची संख्या 0.974 आहे, स्ट्रेंजचा अप होण्याची 0.225 च्या आसपास, बॉटमचा चार्म होण्याची 0.041 आणि बॉटमचा अप होण्याची अवघी 0.0037. क्षयाचा वेग या संख्यांच्या वर्गावर ठरतो. त्यामुळे स्ट्रेंजचा क्षय साधारण वीसपट मंदावतो आणि बॉटमचा त्याहून कितीतरी अधिक. बॉटम क्वार्क असलेला बी मेसॉन सुमारे दीड पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटाव्या भागाच्या दीडपट काळ टिकतो. आपल्याला हा काळ नगण्य वाटेल, पण इतक्या जड कणाच्या मानाने ते दीर्घायुष्य आहे. 1983 मध्ये हे पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हा भौतिकीतले लोक चकित झाले होते. बॉटमच्या संख्या एवढ्या लहान असल्यामुळेच बी मेसॉन मोडण्याआधी थोडं अंतर कापतो, आणि ते अंतर मोजता येतं.

सारणीतल्या या संख्या कुठून आल्या, त्यांची किंमत अशीच का, हे कोणताही सिद्धान्त सांगत नाही. त्या मोजाव्याच लागतात. एकच संख्या वेगवेगळ्या वाटांनी मोजायची आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं, ही आज जगभरातल्या हजारो लोकांची रोजची नोकरी आहे. सारणीच्या पहिल्या ओळीतल्या तीन संख्यांच्या वर्गांची बेरीज नेमकी 1 यायला हवी. अलीकडच्या मोजमापांत ती 0.9985 च्या आसपास येते. हा फरक किरकोळ वाटतो, पण तो मोजमापाच्या चुकीत पुरता सामावत नाही. कुणाच्या तरी हिशेबात काही राहिलं आहे किंवा निसर्गात आपल्याला न दिसलेलं काही आहे. कोणती शक्यता खरी, हे आणखी बारीक मोजल्याशिवाय कळणार नाही.

मुंबईतली सुरुवात

या कथेत मुंबई बेल टूपासून येत नाही. ती फार आधीपासून आहे. 1945 च्या डिसेंबरमध्ये पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' या बंगल्यात होमी भाभांच्या टीआयएफआरचं मुंबईत उद्घाटन झालं. 1949 मध्ये संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि 1962 मध्ये कुलाब्याच्या टोकावरच्या आजच्या वास्तूत. भाभांचा स्वतःचा विषय वैश्विक किरणांचा होता. कणत्वरक परवडणारे नव्हते, पण आकाशातून येणारे कण सगळ्यांना फुकट होते.

1947 मध्ये मँचेस्टरच्या रोचेस्टर आणि बटलर यांना मेघकक्षात दोन चमत्कारिक खुणा दिसल्या. पुढे ज्यांना के मेसॉन नाव मिळालं, त्या कणांची ती पहिली ओळख. या कणांत स्ट्रेंज क्वार्क असतो. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला टीआयएफआरमध्ये बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल आणि यश पाल यांनी फोटोग्राफिक इमल्शनमध्ये याच कणांच्या खुणांचा अभ्यास केला. इमल्शनचे थर फुग्यांना बांधून वर पाठवायचे, खाली आणून धुवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मिलिमीटर तपासायचे, अशी ती पद्धत. हे तपासण्याचं काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. दिवसभर भिंगाला डोळा लावून त्या काळ्या ठिपक्यांच्या रेषा शोधत. बिभा चौधुरी यांच्यासारख्या संशोधक 1949 पासूनच संस्थेत होत्या. ब्रिस्टलमध्ये के मेसॉनांच्या क्षयांवर काम केलेले एम. जी. के. मेनन 1955 मध्ये मुंबईला आले.

त्या सूक्ष्मदर्शकांसमोर बसणाऱ्या मुलींचं काम आपण बारकाईने पाहिलं पाहिजे. के मेसॉनची खूण वेगळी कशी ओळखायची? त्याआधी प्रोटॉनची खूण कशी दिसते, पायॉनची कशी दिसते, थांबत आलेल्या कणाच्या रेषेतले ठिपके कसे दाट होत जातात, धुताना पडलेला डाग कसा दिसतो, हे सगळं डोळ्यांत बसावं लागतं. हजारो सामान्य रेषा पाहिल्यानंतर एक असामान्य रेषा ओळखू येते. आज हे काम संगणक करतो. पण कामाचं मूळ स्वरूप बदललेलं नाही.

याच परंपरेतल्या एका मराठी माणसाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. भालचंद्र उदगावकर हे टीआयएफआरमधले सैद्धान्तिक कणशास्त्रज्ञ. क्वार्कांची कल्पना ज्यांनी मांडली त्या मरे गेल-मान यांच्याबरोबर 1962 मध्ये त्यांनी शोधनिबंध लिहिला. त्याच उदगावकरांनी पुढे मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलं आणि शाळांमधल्या विज्ञानशिक्षणासाठी आयुष्यातली वर्षं दिली. रोहिणी गोडबोले यांचंही नाव घेतो. इथून जवळच, कलिन्याच्या विद्यानगरीत, मुंबई विद्यापीठाच्या भौतिकी विभागात त्यांनी 1982 ते 1995 या काळात शिकवलं आणि तिथून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्या आपल्यातून गेल्या. कणांच्या टकरींचं गणित हा त्यांचा विषय होता, आणि विज्ञानात येणाऱ्या मुलींची वाट मोकळी व्हावी यासाठी त्या अखेरपर्यंत झटल्या.

दुर्मिळ क्षयच का मोजायचे

रोज घडणारे क्षय सोडून लाखातले, अब्जातले क्षय मोजायचा खटाटोप कशासाठी? जो क्षय सरळ वाटेने होऊ शकतो, तो भरपूर होतो. त्यात ओळखीचं बल काम करत असतं आणि नवीन काही असलं तरी त्या गर्दीत झाकलं जातं. जो क्षय सरळ वाटेने होऊच शकत नाही, तो आडवाटेने, दोन-तीन पायऱ्यांनी होतो आणि म्हणून दुर्मिळ असतो. या आडवाटेवर जड कण क्षणभर हजेरी लावून जातात. ते प्रत्यक्ष निर्माण करण्याएवढी ऊर्जा आपल्याकडे नसली तरी क्षयाच्या दरावर त्यांचा ठसा उमटतो.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, इतिहासात दोनदा घडलेलं आहे. विद्युतभार नसलेला दीर्घायुषी के मेसॉन म्यूऑन नावाच्या दोन कणांत मोडण्याचं प्रमाण अब्जात सात इतकं कमी आहे. तेव्हाच्या हिशेबाप्रमाणे ते खूप जास्त यायला हवं होतं. 1970 मध्ये ग्लॅशो, इलिओपूलॉस आणि मायानी यांनी याचा अर्थ लावला: चौथा क्वार्क असला पाहिजे, आणि तो अप क्वार्कचा परिणाम जवळजवळ खोडून टाकत असला पाहिजे. 1974 च्या नोव्हेंबरमध्ये चार्म क्वार्क खरोखरच सापडला. जे घडत नव्हतं, त्याच्या काटेकोर नोंदीतून एक नवा कण मिळाला. पुढे 1987 मध्ये हँबुर्गच्या 'आर्गस' प्रयोगाला बी मेसॉन आपल्या प्रतिकणात अपेक्षेपेक्षा जास्त वेळा बदलताना दिसले. त्यावरून टॉप क्वार्क सर्वांच्या अंदाजापेक्षा बराच जड असणार, हे कळलं. 1995 मध्ये अमेरिकेच्या फर्मीलॅबमध्ये तो सापडला. तिथल्या दोन प्रयोगांपैकी 'डी झीरो' या प्रयोगात टीआयएफआरचे लोक होते.

द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातला फरकही असाच दुर्मिळ क्षयातून कळला. 1964 मध्ये क्रोनिन आणि फिच यांच्या गटाला दीर्घायुषी के मेसॉन हजारात सुमारे दोनदा अशा रीतीने मोडताना दिसले, जी रीत नियमानुसार पूर्ण वर्ज्य होती. त्या हजारातल्या दोनांचा अर्थ लावण्यासाठीच कोबायाशी आणि मास्कावा यांनी तिसऱ्या पिढीची गरज दाखवली.

चौथा थर

आता बेल टूकडे वळू. टोकियोच्या ईशान्येला त्सुकुबा इथे केईके ही प्रयोगशाळा आहे. तिथे सुमारे तीन किलोमीटर परिघाच्या वर्तुळात 7 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि 4 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे पॉझिट्रॉन समोरासमोर आदळवतात. ऊर्जा अशी नेमकी ठरवलेली असते की बी मेसॉनांची एक जोडी तयार व्हावी आणि तिच्यासोबत दुसरं काहीच तयार होऊ नये. दोन बाजूंची ऊर्जा मुद्दाम असमान ठेवलेली असते. त्यामुळे तयार झालेली जोडी एका दिशेला सरकते आणि मोडण्यापूर्वी सरासरी 130 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढं अंतर जाते. या सूक्ष्म अंतरावरून आयुष्य मोजायचं, दोन बी मेसॉनांपैकी आधी कोण मोडला हे ठरवायचं.

त्यासाठी टकरीच्या जागेभोवती सिलिकॉनच्या पातळ पत्र्यांचे थर असतात. त्यांतल्या पट्ट्यांच्या चार थरांपैकी एक ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या गटाने, एक व्हिएन्नाच्या, एक जपानच्या कावली संस्थेच्या आणि एक टीआयएफआरच्या गटाने जुळवला. आपला थर चौथ्या क्रमांकाचा आहे आणि तो टकरीच्या रेषेपासून आठ सेंटिमीटरवर बसतो. तारिक अझीझ, गगन मोहंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गटाने हे काम टोकियोजवळच्या काशिवा शहरात, कावली संस्थेच्या स्वच्छ कक्षात केलं.

तो थर नेमका कसा बनतो, ते सांगतो. त्यात दहा पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्ट्यावर तीन सेन्सर. एक सेन्सर म्हणजे सुमारे 12 सेंटिमीटर लांब, 6 सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर जाडीचा सिलिकॉनचा पत्रा. त्याच्या एका बाजूला 768 उभ्या पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला 512 आडव्या. कण आरपार गेला की दोन्ही बाजूंच्या एकेका पट्टीवर इवलासा विद्युतभार जमतो आणि त्यावरून कण कुठून गेला ते कळतं. म्हणजे एका सेन्सरवर 1,280 पट्ट्या आणि तीस सेन्सरांच्या या एका थरात 38,400. प्रत्येक पट्टी केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारेने वाचन चिपशी जोडलेली असते. मधल्या सेन्सरच्या चिपा त्याच्या वरच बसवल्या आहेत आणि खालच्या बाजूच्या पट्ट्यांचे संकेत आणणारी लवचीक पट्टी कडेवरून दुमडून वर आणली आहे. या रचनेला तिथे 'ओरिगामी' म्हणतात. चिपा तापतात, म्हणून उणे वीस अंशांच्या कार्बन डायऑक्साइडचा प्रवाह बारीक नळीतून त्यांच्यावरून नेतात. पत्रा वाकला, गोंदाचा थेंब जास्त झाला, तार सुटली, तर तो सेन्सर बाद. हे सगळं हातांनी, साच्यांच्या मदतीने आणि पुन्हापुन्हा मोजून करावं लागतं. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये संपूर्ण यंत्रणा बेल टूच्या गाभ्यात उतरवली आणि 2019 च्या मार्चपासून ती नोंदी घेऊ लागली.

हा तपशील मी मुद्दाम दिला. मूलभूत संशोधन म्हणजे फळ्यावरचं गणित, असा आपल्याकडे समज आहे. गणित लागतंच. पण सीकेएम सारणीतली एक संख्या चौथ्या दशांशापर्यंत कळावी म्हणून कुणाला तरी काशिवात महिनोन्महिने चिमट्याने आणि गोंदाने काम करावं लागतं, आणि ते काम मुंबईच्या लोकांनी जगातल्या कुठल्याही गटाच्या तोडीचं केलं.

नाही ते मोजायचं

आता तो लाखात दोनचा क्षय. बी मेसॉनमधून एक के मेसॉन आणि दोन न्यूट्रिनो निघतात. न्यूट्रिनो यंत्रात कसलीच खूण ठेवत नाहीत. म्हणजे यंत्रात दिसतो तो फक्त एक के मेसॉन. के मेसॉन तर शेकडो प्रकारच्या क्षयांतून निघतात. मग हा त्याच क्षयातला, हे कसं ओळखायचं?

इथे ती नेमक्या ऊर्जेची टक्कर उपयोगी पडते. टकरीत ऊर्जा किती होती ते पक्कं ठाऊक आहे. बाहेर काय काय आलं ते मोजलं की किती हरवलं ते कळतं. पण हरवण्याची कारणं पुष्कळ असतात. एखादा कण यंत्राच्या फटीतून निसटतो. दीर्घायुषी, भार नसलेला के मेसॉन कधीकधी ऊर्जामापकातून काही न सांगता निघून जातो आणि तो न्यूट्रिनोसारखाच दिसतो. शिवाय बी मेसॉनांच्या प्रत्येक जोडीमागे बॉटमहून हलक्या क्वार्कांच्या तिनाहून अधिक घटना घडत असतात. त्या गर्दीत आपल्याला हवी ती घटना शोधायची असते.

बेल टूने या मोजमापात 38 कोटी 70 लाख बी जोड्या तपासल्या. भाकितानुसार त्यांत हवे असलेले क्षय सुमारे 2,200 निघायला हवेत, आणि सगळ्या चाळण्यांतून पार होऊन हाती लागतात त्यांतले सुमारे आठ टक्के. म्हणजे कोट्यवधींमधून दोनेकशे, आणि तेही हजारो तोतयांमध्ये मिसळलेले. त्यामुळे खरी मेहनत तोतये ओळखण्यात गेली.

त्यासाठी केलेली एक युक्ती मला फार आवडते. बी मेसॉनचा एक क्षय चांगला ओळखीचा आहे. त्यात के मेसॉन आणि जे-साय नावाचा कण निघतो, आणि जे-साय दोन म्यूऑनांत मोडतो. म्यूऑन स्पष्ट दिसतात. हा क्षय पकडायचा आणि मग नोंदीतून म्यूऑन पुसून टाकायचे. उरतो फक्त के मेसॉन आणि हरवलेली ऊर्जा, म्हणजे न्यूट्रिनोच्या क्षयाची हुबेहूब नक्कल, पण जिचं खरं उत्तर आपल्याला माहीत आहे. आपली पद्धत या नकलेवर चालवली की ती किती अचूक, ते कळतं. तसाच दुसरा एक क्षय, ज्यात पायॉन आणि भार नसलेला के मेसॉन निघतो, त्याचं प्रमाण याच पद्धतीने मोजून पाहिलं आणि ते आधीच्या माहीत आकड्याशी जुळलं. दीर्घायुषी के मेसॉन यंत्रातून किती वेळा निसटतात, हेही वेगळ्या घटनांवरून मोजलं आणि संगणकी नकलेतला आकडा त्याप्रमाणे सुधारला. एक दुर्मिळ गोष्ट मोजण्यासाठी तीन नेहमीच्या गोष्टी आधी नीट मोजाव्या लागल्या. मी सुरुवातीला म्हणालो ते हेच.

निकाल 3.5 प्रमाण विचलनांचा आहे. म्हणजे असा क्षय मुळीच नसता आणि केवळ योगायोगाने इतकी वाढ दिसली असती, याची शक्यता चार हजारांत एक. भाकितापासूनचं अंतर 2.7 विचलनांचं. कणभौतिकीत 'शोध' म्हणायला 5 विचलनं लागतात, म्हणजे योगायोगाची शक्यता पस्तीस लाखांत एक. म्हणून बेल टूने या निकालाला पुरावा म्हटलं, शोध म्हटलं नाही. हा संयम मला त्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

असंच काम इतरत्रही चालू आहे. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये सीएमएस या प्रयोगात टीआयएफआर आणि तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र दोन्ही सहभागी आहेत. त्या यंत्राच्या चुंबकाबाहेरचा हॅड्रॉन ऊर्जामापक बांधण्यात टीआयएफआरचा मोठा वाटा आहे. बी-एस या दुसऱ्या प्रकारच्या बी मेसॉनचं दोन म्यूऑनांत मोडण्याचं प्रमाण अब्जात तीन ते चार. सीएमएस आणि एलएचसीबी या दोन प्रयोगांनी एकत्र नोंदी करून 2015 मध्ये हा क्षय सिद्ध केला, आणि तो भाकिताशी जुळला. सर्नच्याच एनए62 प्रयोगाने 2024 मध्ये के मेसॉनचा पायॉन आणि दोन न्यूट्रिनोंमधला क्षय पाच विचलनांपलीकडे नेला: शंभर अब्जांत 13, तेही 51 घटनांवरून, ज्यांतल्या 18 पार्श्वभूमीच्या असणार हे आधीच काढलेलं होतं. भारतातले आयआयटी मद्राससारखे गट बेल आणि बेल टूमध्ये सारणीतल्या त्या कलेशी निगडित गॅमा कोन मोजण्यावर काम करत आले आहेत. अशा मोजमापांतून सारणीतल्या संख्यांनी बनणाऱ्या एकाच त्रिकोणाच्या बाजू आणि कोन ठरतात. त्रिकोण मिटला तर कोबायाशी-मास्कावांचं चित्र पुरेसं आहे. तो कुठे उघडा राहिला तर तिथे नवं काही आहे. बी मेसॉनच्या त्या क्षयाचा चौपट आकडा आणखी नोंदींत टिकतो की विरतो, हे आज कुणालाच माहीत नाही. बेल टूला आधीच्या बेल प्रयोगाच्या पन्नासपट नोंदी गोळा करायच्या आहेत. उत्तर त्यातून येईल.

अपेक्षा बाजूला ठेवणं

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मनाने सर्वांत महत्त्वाचा. या क्षेत्रात एक शिस्त रुळली आहे. जिथे हवी ती घटना सापडण्याची शक्यता आहे, तो नोंदींचा भाग आधी झाकून ठेवतात. चाळण्या ठरवायच्या, तोतयांचा हिशेब करायचा, चुकीच्या मर्यादा काढायच्या, सहकाऱ्यांच्या समितीपुढे सगळं मांडायचं आणि मान्यता मिळाली की मगच तो भाग उघडायचा. उघडल्यावर चाळणी बदलायची नाही. आलेला आकडा सिद्धान्ताशी जुळो वा न जुळो, तोच छापायचा. नोबेल मिळालेल्या माणसालाही हा नियम लागू आणि काल रुजू झालेल्या विद्यार्थ्यालाही. माणूस प्रामाणिक असला तरी त्याची अपेक्षा त्याच्या हातात उतरते, हे ओळखून केलेली ही व्यवस्था आहे.

याच्या नेमकं उलट आपण आपल्या शाळा-कॉलेजांत शिकवतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं असतं. उत्तर 9.8 यायला हवं हे मुलांना आधीच ठाऊक असतं. 9.3 आलं की मूल घाबरतं, कारण जर्नलवर सही मिळणार नाही. मग ते रीडिंग बसवतं. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतं, नाहीतर उत्तरावरून उलटं गणित करून नोंदी भरतं. सही मिळते, गुणही मिळतात. पण त्या मुलाला विज्ञानाचा पहिलाच धडा चुकीचा मिळतो: उत्तर आधी, मोजमाप नंतर. आणि 9.3 का आलं, या प्रश्नात दडलेलं खरं भौतिकशास्त्र, दोऱ्याची लांबी कुठून कुठे धरली, झोका मोठा झाला का, घड्याळाचं बटण दाबायला उशीर झाला का, हे सगळं त्याच्या हातून निसटतं. तोतये ओळखायला शिकण्याची ती पहिली संधी असते.

इथे शिक्षक बसले आहेत, पालक आहेत, शाळांच्या कार्यकारिणीवरचे लोक आहेत. ज्या सरांच्या नावाने आपण जमलो, त्यांच्या कामाला साजेशी एक मागणी मी तुमच्यापुढे ठेवतो. या वर्षी वांद्र्यातल्या शाळा-कॉलेजांत प्रात्यक्षिकाचे गुण उत्तर बरोबर आलं म्हणून देऊ नका. नोंदी खऱ्या आहेत का, त्यांतली चूक किती हे मुलाने सांगितलं आहे का आणि फरक का पडला असावा याचा त्याने विचार केला आहे का, यावर द्या. 9.3 अधिक-उणे 0.6 असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, कारण तिच्या उत्तरात 9.8 सामावलेलं आहे आणि ते तिने स्वतः मोजलेलं आहे. हँबुर्गला जाहीर झालेला 2.3 अधिक-उणे 0.7 हा आकडाही त्याच रीतीने लिहिलेला आहे. या कामासाठी सरकारी मंजुरी लागत नाही, महागडी उपकरणंही लागत नाहीत. लागतं ते एका शिक्षकाने एका वर्गाला दिलेलं अभय.